पुस्तकातल्या एकतीस चुका

४ जून

दादा,

हे पत्र कामाचं आहे. कामापुरतं वाच आणि ठेवून दे. फोन तू उचलत नाहीस, पण पोस्टमनला तू घरात घेत नाहीस असं काही अजून ऐकलं नाही, म्हणून पत्र.

तुझ्या पुस्तकाचा विकलनाचा धडा. सराव तीन, प्रश्न सतरा. x(2x + 1)³ चं विकलन करायचं आहे. पुस्तकाच्या मागे उत्तर छापलंय (2x + 1)²(5x + 1). भिंगरीला येतंय (2x + 1)²(8x + 1). कोणतं बरोबर? एवढंच कळव. पोस्टकार्डावर एक आकडा लिहिलास तरी चालेल, पाच किंवा आठ.

भिंगरी आता बारावीला आहे. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा अकरा वर्षांची होती आणि एका जागी बसायची नाही. आता बसते, पण रडत. काल हेच गणित सात वेळा सोडवलं आणि वही मिटून म्हणाली, "आई, मला गणित येत नाही. मी दुसरं काहीतरी घेते." मी म्हटलं, पुस्तकच चुकलं असेल. तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिच्या मामाला शिवी दिली. "मामाचं पुस्तक कसं चुकेल?" म्हणाली. आपल्या घरात तुझा विषय निघत नाही, तरी पोरीच्या मनात तुझी ही किंमत कुठून आली कोण जाणे. मी तरी काही सांगितलेलं नाही.

आज छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत तुझं हस्तलिखित काढलं. मालकांनी जपून ठेवलंय. पान एकशे बारा. तुझ्या हातचा पाच आहे, स्वच्छ. म्हणजे मी हस्तलिखितात होतं तसंच जुळवलं. हे मी सहा वर्षांपूर्वीही म्हटलं होतं, पण ते असो.

दुसरी गोष्ट. मालक पुस्तक पुन्हा छापणार आहेत. तुला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही, म्हणून आता ते आहे तसंच छापायचं म्हणतात. तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी बहीण


१६ जून

दादा,

पोस्टकार्ड आलं नाही. वहिनीचा फोन मात्र आला. म्हणाली, पत्र पोचलं, दोनदा वाचलं, आणि त्या दिवशी जेवायला उशिरा बसलास. उशिरा का बसलास हे तिलाही सांगितलं नाहीस म्हणे. बरं.

मग मीच ठरवलं की पाच की आठ हे आपणच शोधायचं. हसू नकोस. तुझं आख्खं पुस्तक मी जुळवलंय. तुझ्या प्रत्येक कंसाला मी हात लावलाय. पण खरं सांगायचं तर मला गणित येत नव्हतं, गणिताचं अक्षर येत होतं. घातांक वर, पायाखालचा आकडा खाली, कंस उघडला की मिटला पाहिजे. आत काय चाललंय हे मला कधी कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

भिंगरीला म्हटलं, शिकव. ती म्हणाली, "तू?" मी म्हटलं, मी. तिचे बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "चला, आता भाजीला मीठ कमी पडलं तरी कोणी बोलायचं नाही."

गुणाकाराचा नियम तिने मला कणीक मळताना सांगितला. "दोन पदं आहेत ना आई, त्यांनी पाळीपाळीने बदलायचं. एक बदलत असताना दुसऱ्याने गप्प बसायचं. मग दुसऱ्याची पाळी. आणि शेवटी दोन्ही मिळवायचं." हे कळायला मला वेळ लागला नाही. आपण दोघांनी तेवढंच कधी केलं नाही, नेहमी दोघं एकदम बोलायचो.

साखळीचा नियम मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी तुझंच पुस्तक उघडून पहिल्या ओळीपासून वाचलं. तू तिथे यंत्राची तीन चाकं घेतली आहेस. मोठं एकदा फिरलं की मधलं तीनदा, मधलं एकदा फिरलं की छोटं दोनदा, मग मोठ्याच्या एका फेऱ्यात छोटं किती वेळा? मी वाचतच राहिले. दादा, ते आपलं जुनं छपाईयंत्र आहे! तू मला डबा द्यायला यायचास तेव्हा त्याच्यापाशी उभा राहायचास. मी ते पान जुळवलं, तपासलं, बांधायला पाठवलं, आणि एवढी वर्षं ओळखलं नाही.

मग समजलं. कंसाच्या बाहेरचं चाक फिरवलं की आतलंही मोजायला हवं. 2x + 1 मधला तो दोन. तो गुणायचा राहिला की आठाचे पाच होतात.

तरी माझा विश्वास बसेना. पोर चुकेल, मी तर चुकेनच. तेव्हा तुझ्या पान चाळिसाची युक्ती केली, किंचित हलवून बघायची. कॅल्क्युलेटरवर x ला एक घातला, सत्तावीस आले. मग एक पूर्णांक एक हजारांश घातला, सत्तावीस पूर्णांक शून्य आठ एक आणि पुढे शेपूट. वाढ काढली, हजाराने गुणली. एक्याऐंशी आणि थोडं वर. भिंगरीच्या उत्तरात एक घातला की बरोबर एक्याऐंशी. पुस्तकाच्या उत्तरात चोपन्न.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, काय पडलं?

तेव्हा आठ. तुला कळवते.

तुझी बहीण

ता. क. भिंगरी आता दुसरं काही घ्यायचं म्हणत नाही. एवढं तुझ्या चुकीने केलं.


२९ जून

प्रिय दादा,

एक चूक सापडली की माणूस गप्प बसत नाही. उंदराचं एक बीळ दिसलं की आई कसं अख्खं कोठार रिकामं करायची, तसं झालं. मी सगळे सराव तपासले. रोज सुट्टीत दहा, घरी आल्यावर दहा. प्रत्येक उत्तर आधी भिंगरी सोडवते, मग मी, मग दोघींचं जुळलं की कॅल्क्युलेटरवर एक घालून खात्री. जिथे पुस्तक वेगळं बोलतं तिथे हस्तलिखित काढून बघते, चूक तुझी की माझी.

तीस निघाल्या. बावीस तुझ्या, आठ माझ्या.

माझ्या आठांत सगळी कामाची धांदल आहे. चार ठिकाणी उणे चिन्ह खाल्लं, तीन ठिकाणी घातांक खाली घसरला, एका ठिकाणी कंस उघडाच राहिला आणि ओळ संपली. लाज वाटली.

तुझ्या बावीसांपैकी चौदा ठिकाणी आतलं विकलन गुणायचं राहिलंय. चौदा! तीन चाकांचं एवढं सुंदर उदाहरण देणारा माणूस आतलं चाक विसरतो, दिव्याखाली अंधार तो हाच. पाच ठिकाणी गुणाकाराचा दुसरा भाग गळला. तीन चिन्हांच्या. मी यादी जोडली आहे, पान आणि प्रश्न क्रमांकासह. रागावू नकोस. मला माहीत आहे, ती उत्तरं तू कशी लिहिलीस. आईला दवाखान्यातून आणलं होतं, तू तिच्या पलंगाशी बसून एका बैठकीत साठ-साठ उत्तरं काढायचास आणि मी सकाळी कागद घेऊन कामाला जायचे. त्या घाईत देवसुद्धा चुकला असता.

पण आज एक बोलतेच. ज्या दिवशी तू छापखान्यात आलास, मालक आणि चार कामगार उभे होते, त्यांच्यासमोर म्हणालास, "हिला अक्षरं जुळवता येतात, डोकं जुळवता येत नाही. दहावी पास बाईच्या हाती मी गणित दिलं, माझीच चूक." ते वाक्य सहा वर्षं माझ्याबरोबर उठतं, बसतं. ही यादी करताना मला वाटलं होतं की बावीस हा आकडा मी तुझ्या तोंडावर फेकेन आणि मोकळी होईन. तसं काही झालं नाही. पंधराव्या चुकीपासून मला तुझी काळजी वाटायला लागली. म्हटलं, हे कोणा परक्याच्या हाती लागायच्या आत नीट करून ठेवू या.

मालकांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तू केलंस?" मग म्हणाले, लेखकाची सही असेल तर दुरुस्त छापतो, पंचवीस जुलैपर्यंत. सही नसेल तर आहे तसं. लेखकाच्या पुस्तकात छापखान्याच्या बाईने हात घातला असं उद्या कोणी म्हणायला नको. त्यांचंही बरोबर आहे.

सोडवलेली उदाहरणं तेवढी राहिली आहेत. ती झाली की शेवटची यादी पाठवते.

वहिनीला सांग, गुडघ्याला शेक दे म्हटलं होतं, दिला का?

चिंगी


८ जुलै

प्रिय दादा,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आज फाडणार नाही.

उदाहरण सहा.

शिक्षकांच्या सभेत तू व्यासपीठावर होतास आणि मागून कोणीतरी उठून विचारलं, "सर, सहाव्या उदाहरणात प्रश्न आणि उत्तर एकच कसं?" मग दुसरा कोणी म्हणाला, "सोपंय, प्रश्न उतरवून काढा, झालं उत्तर," आणि सभागृह हसलं. हे मला तुझ्या एका सहकाऱ्याकडून कळलं, तू कधी सांगितलं नाहीस. तू दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ छापखान्यात आलास.

ते उदाहरण पुस्तकातलं सगळ्यात छान आहे. आता मला ते समजतं. sin²x घ्यायचं. एकदा गुणाकाराच्या नियमाने सोडवायचं, एकदा साखळीच्या, आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात हे दाखवायचं. 2 sin x cos x, आणि खाली शेवटची ओळ, म्हणजेच sin 2x. तू हस्तलिखितात sin 2x लिहिलंयस. दोन ओळीवर आहे, शंकाच नाही.

मी तो वर चढवला. छापलं sin²x.

का, ते सांगते. तू भराभर लिहितोस तेव्हा तुझे घातांक खाली उतरतात. त्या पुस्तकात मी असे कितीतरी दोन उचलून जागेवर बसवले होते आणि तू म्हणाला होतास, तुझी नजर चांगली आहे. हाही तसाच वाटला. तरी शंका आली होती. पानाच्या कडेला माझी पेन्सिल आहे, "२ वर?" आणि प्रश्नचिन्ह. तुला विचारायचं होतं. पण आदल्या दिवशीच तू फोनवर म्हणाला होतास, पानापानाला फोन करू नकोस, दिसतं ते छाप. म्हणून फोन केला नाही. आणि दिसलं तेही छापलं नाही.

एवढंच असतं तर धांदल म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढचं आहे. तू ओरडून गेलास, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "जसं लिहिलंस तसं जुळवलं." माझा त्यावर विश्वास होता. तू गेल्यावर मी कपाट उघडलं आणि ते पान पाहिलं. माझी पेन्सिल पाहिली. त्या दिवशीच, दादा. सहा वर्षं मला माहीत आहे. पान परत ठेवलं, कपाटाला कडी लावली आणि घरी येऊन रडले, तर भिंगरीचे बाबा तुला बोल लावायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही. "दहावी पास" या शब्दाचा राग एवढा मोठा होता की त्यामागे माझी चूक आरामात मावली.

म्हणून तपासताना उदाहरणांची पानं मी शेवटी ठेवली. म्हणून पहिल्या पत्रात तोऱ्यात लिहिलं, हस्तलिखितात होतं तसंच जुळवलं. पाच आणि आठाचं ते खरंच होतं. पण त्याच वाक्याच्या आड मी सहावं उदाहरण बसवलं होतं.

हे पान माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. परवा मनात आलं, पेन्सिल खोडावी. खोडरबर हातात घेतलं होतं. भिंगरी समोर बसून सोडवत होती, तिला उत्तर जुळत नव्हतं, आणि ती म्हणाली, "थांब, कुठे चुकलं ते शोधते, खोडायचं नाही, खोडलं की सापडत नाही." मी रबर तिलाच देऊन टाकलं.

एकतिसावी माझी. लोक ज्या चुकीला हसले ती माझी.

चिंगी


१५ जुलै

प्रिय दादा,

दुरुस्त मुद्रितं वेगळ्या पाकिटातून पाठवली आहेत. एकतीसही जागा लाल केल्या आहेत. सहाव्या उदाहरणाच्या पानावर माझी पेन्सिल तशीच ठेवून त्याची प्रत जोडली आहे. हवी असेल तर कोणालाही दाखव.

मालकांना मी सांगून ठेवलंय, चुकांसकट छापायचं असेल तर दुसऱ्या कोणाकडून छापून घ्या, माझ्या हातून ते पान पुन्हा जाणार नाही. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत तुझा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता." कामावरून काढतील असं वाटत नाही. काढलं तर काढलं.

तू सही करच असं मी म्हणत नाही. माझ्यावर राग धरायचा तुला हक्क आहे. पण पोरं हे पुस्तक वापरतात रे. एखादी भिंगरी कुठेतरी सात वेळा तेच गणित सोडवत असेल.

मी ठीक आहे. तू तब्येत सांभाळ. यापुढे कामाचं पत्र नाही. बिनकामाचं लिहायची परवानगी असेल तर वहिनीकडे निरोप दे.

तुझी
चिंगी


२४ जुलै, रविवार

चिंगे,

मला पत्र लिहिता येत नाही. फळ्यावर लिहिता येतं. सांभाळून घे.

मुद्रितं पाहिली. सह्या केल्या, प्रत्येक पानावर. एकतीसही दुरुस्त्या बरोबर आहेत, पण चुका एकतीस नाहीत. तेहतीस आहेत. सराव पाच, प्रश्न नऊ आणि सराव सहा, प्रश्न चार. तुझ्या नजरेतून का सुटल्या सांगतो. तू खात्रीसाठी सगळीकडे x ला एक घालतेस. एकचा वर्ग एकच, घनही एकच. x च्या जागी x² छापलं असलं तरी एक घातला की दोन्ही सारखे दिसतात. दोन घालून बघ. आणि भिंगरीने त्या दोन्ही सोडवल्या असणार, तिची वही मला दाखव. माझा अंदाज आहे, तिचं उत्तर बरोबर आलं होतं आणि तिने ते पुस्तक बघून बदललं, मग तूही तिच्याशी जुळवून घेतलंस. तिला सांग, असं पुन्हा करायचं नाही.

या दोन्ही हस्तलिखितातल्या आहेत. म्हणजे माझ्या चोवीस.

मला कसं माहीत, असं विचारशील. त्या सभेनंतर महिनाभर मी दार लावून बसलो आणि पुस्तकातलं प्रत्येक गणित पुन्हा सोडवलं. पहिल्या आठवड्यात सात सापडल्या. महिन्याअखेर माझ्याच चोवीस. तुझ्या वहिनीला वाटलं, मी नवं पुस्तक लिहितोय.

उदाहरण सहाची चूक तुझी, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी sin 2x लिहिलं होतं हे मला आठवत होतं. पण लोकांना तेवढी एकच दिसली होती, चिंगे. बाकी चोवीस कोणाच्या लक्षातच आल्या नाहीत. मग मला वाटायला लागलं की ती एक तुझी आहे तोवर चोवीस माझ्या नाहीतच. मालकांची पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर चोवीस सांगाव्या लागल्या असत्या. तुझा फोन यायचा, उचलला नाही. उचलला असता तर तू रडली असतीस आणि मला खरं बोलावं लागलं असतं.

तू पाच की आठ विचारलंस, तेव्हा उत्तर माझ्या कपाटात पाच वर्षं अकरा महिने लिहून पडलं होतं. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. तेवढंही झालं नाही. आणि तू कणीक मळता मळता विकलन शिकलीस.

सहाव्या उदाहरणातल्या त्या दोनाबद्दल तू विचारलं असतंस तर मी ओरडलो असतो. तो फोन मला आठवतो. त्या दिवशी कॉलेजात कोणीतरी मला बोललं होतं आणि मी ते तुझ्यावर काढलं. तुझी पेन्सिल पाहिली. तिथे जे प्रश्नचिन्ह आहे ते माझ्यामुळे तसंच राहिलं.

आणि दहावी. चारचौघांत मी ते बोललो. तू शाळा का सोडलीस हे बाकी जगाला माहीत नसेल, पण मी त्याच घरात राहत होतो. आईला कोण उठवत होतं, बसवत होतं, ते मी पाहत होतो, पुस्तकातून मान वर करून, आणि पुन्हा खाली घालत होतो. बारावीनंतर माझी पुढची वर्षं तुझ्या छापखान्यातल्या कामावर निघाली. त्यावर मी एक शब्दही कधी बोललो नाही, आणि बोललो तो नेमका तो शब्द. याला दुरुस्ती नाही. माफी मागतो, पण मागितल्याने ते वाक्य पुसलं जाईल असं तुला सांगणार नाही.

नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर मी शुद्धीची हकिकत लिहिली आहे. चोवीस चुका लेखकाच्या, नऊ जुळणीच्या, त्यांतल्या एकतीस जुळणी करणाऱ्या बाईंनी आणि त्यांच्या मुलीने शोधल्या, आणि लेखकाने सहा वर्षं लपवल्या. मालक म्हणतील, हे कशाला. तू म्हणशील, दादा, राहू दे. तुम्हा दोघांचं ऐकणार नाही.

आता शेवटचं. हे पत्र काल लिहून झालं. पोस्टात टाकायला निघालो, तर तुझी वहिनी म्हणाली, "सहा वर्षांत पहिल्यांदा लिहिलंत आणि ते पोस्टाने? उठा, बस पकडा." म्हणून सकाळच्या गाडीने आलो. दार भिंगरीने उघडलं. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. म्हणाली, "आई आत कपडे वाळत घालतेय." तिला दारातच थांबवून हे शेवटचं इथे लिहितोय, आता कागद तिच्या हाती देतो, आधी हे आत नेऊन दे म्हणून.

मी जिन्यात उभा आहे. तुझी वहिनी दोन पायऱ्या खाली बसली आहे, गुडघ्यामुळे. तू सावकाश वाच. झालं की हाक मार, नाही मारलीस तरी मी समजून घेईन. पण घाई करू नकोस, मी इथेच आहे.

दादा